चार्जिंगचा लाल दिवा: बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, तरी लागतोच

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला की पहिला बळी बॅटरीचा जातो. चित्र बॅटरीचं, तेव्हा दोषही तिचाच, असं धरून नवी बॅटरी बसते. ती भरलेलीच आलेली असते, त्यामुळे चार-आठ दिवस गाडी झोकात सेल्फ घेते आणि काम झालं असं वाटतं. मग दिवा पुन्हा लागतो. आता पाळी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणाऱ्या यंत्राची. तोही बदलून होतो, बिल चुकतं होतं, आणि एखाद्या पावसाळी संध्याकाळी हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू असताना तोच दिवा परत डोळे वटारतो.

खाली जे लिहिलंय ते अशा गाड्यांसाठी: दिवा येतो-जातो, महागडे भाग बदलून झालेत आणि प्रश्न जिथल्या तिथे आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजणारा मीटर) लावल्याशिवाय एकही भाग बदलू नये, आणि मीटर लावायचा तो दिवा लागलेला असताना, किंवा ज्या परिस्थितीत तो लागतो ती उभी करून. थंड इंजिन, सगळे दिवे बंद, बॉनेट उघडून घेतलेलं ‘१४.२ येतंय, चार्जिंग ओके आहे’ हे माप फारसं काही सांगत नाही. रोग संध्याकाळी दिसतो आणि तपासणी सकाळी होते, अशातली गत.

रस्त्यात दिवा लागला तर

निदान नंतर. आधी तापमानाच्या काट्याकडे बघा. बऱ्याच इंजिनांत अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच वॉटर पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर लाल दिव्यामागोमाग काटा चढू लागतो, आणि तेव्हा दोन-चार किलोमीटर ताणणं म्हणजे हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या हेडखालच्या सीलवर) संकट ओढवून घेणं. काटा चढतोय, किंवा हायड्रॉलिक स्टीअरिंग एकदम जड झालंय, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

काटा जागेवर असेल तर मात्र इंजिन बंद करू नका. बंद केलंत तर पुढचा सेल्फ मारायला बॅटरीत जीव उरेलच असं नाही. एसी, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, म्युझिक सिस्टिम, मोबाइलचा चार्जर, सगळं काढून टाका. आता फ्युएल पंप, इंजेक्टर, कॉइल, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आणि रेडिएटरचा पंखा एवढंच बॅटरीवर चालतंय. चांगली बॅटरी असेल तर दिवसा एवढ्या भारावर अर्धा-पाऊण तास निघू शकतो. रात्री, हेडलाइट आणि वायपर लावून, त्याहून बराच कमी. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असेल तर गाडी पार्क करताना ते क्षणभर फार करंट ओढतं; उगाच मागेपुढे करू नका. व्होल्टेज घसरत गेलं की एबीएस, स्टीअरिंग, एअरबॅग असे बाकीचे दिवे एकेक करून लागायला लागतात. ते सगळे वेगवेगळे बिघाड नव्हेत. वीज संपत आल्याची ती खूण आहे.

बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांना आणि बहुतेक पूर्ण हायब्रिड गाड्यांना अल्टरनेटर नसतोच, तिथे हाय व्होल्टेजवरून १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर असतो. त्यांना यातलं काही लावू नका, आणि नारिंगी वायरला तर हातच लावू नका.

दिवा लागतो तो कशाने

जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये हा दिवा दोन टोकांच्या मधे असतो. एका बाजूला इग्निशन स्विचमधून आलेला बॅटरीचा पुरवठा, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरचं ‘एल’ टर्मिनल; काही बनावटींत त्याला ‘डी प्लस’ म्हणतात. किल्ली फिरवली आणि इंजिन अजून बंद आहे, तेव्हा करंट दिव्यातून निघतो, रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) आणि कार्बन ब्रशमधून (फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे, पुढे नुसते ‘कार्बन’) रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, वाइंडिंगमध्ये जातो आणि अर्थला मिळतो. दिवा पेटतो. याच थोड्याशा करंटमुळे रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व येतं. सेल्फ मारला, अल्टरनेटर फिरू लागला, की त्याच्या बाजूलाही बॅटरीइतकंच व्होल्टेज उभं राहतं. तराजूची दोन्ही पारडी समान झाली, दिव्यातून जायला करंटला कारणच उरत नाही, दिवा विझतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि निदानाचं निम्मं काम त्यातच आहे. पहिली ही की दिवा फक्त फरक दाखवतो. अल्टरनेटर कमी देतोय म्हणूनही लागेल, आणि अल्टरनेटर नीट देतोय पण इग्निशन स्विचपर्यंत पोचणारं व्होल्टेज वाटेत गळतंय म्हणूनही लागेल. रात्रीच्या अंधारात जेमतेम दिसेल असा मिणमिणता दिवा हे याच दुसऱ्या प्रकाराचं लक्षण असू शकतं: अल्टरनेटरकडे १४.३, स्विचच्या बाजूला १३.२, आणि मधला १.१ व्होल्ट दिव्याला मंद पेटवत बसलाय. अशा गाडीत अल्टरनेटर कितीदाही बदला, इग्निशन स्विचचे झिजलेले पॉइंट किंवा फ्यूजबॉक्समधला काळा पडलेला जोड तिथेच राहणार.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागलाच पाहिजे. न लागणं हाही बिघाडच. बल्ब गेलेला असेल, ‘एल’ची वायर तुटलेली असेल किंवा कार्बन संपलेले असतील, तर रोटरला सुरुवातीचा करंट मिळत नाही. काही अल्टरनेटर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर जोरात रेस दिली की जागे होतात, काही होतच नाहीत. आणि दिवाच नाही म्हटल्यावर चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. ‘दिवा लागत नाही पण बॅटरी रोज बसते’ या तक्रारीत मी पहिल्यांदा हेच बघतो.

तपासायला सोपं आहे, मात्र फक्त साध्या दिव्याच्या वायरिंगमध्ये. किल्ली ऑन, इंजिन बंद. अल्टरनेटरचा छोटा प्लग काढा आणि ‘एल’ची वायर एका वायरीच्या तुकड्याने इंजिनच्या धातूला टेकवा. दिवा लागला तर वायरिंग आणि बल्ब ठीक, दोष अल्टरनेटरच्या आत. नाही लागला तर वायर, बल्ब, फ्यूज यांच्याकडे वळा. उलट प्लग काढून ठेवलाय, वायर कशालाही टेकलेली नाही आणि तरी दिवा लागलेलाच आहे, तर ती वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलेली आहे. तीन पिनांच्या प्लगमध्ये बऱ्याचदा ‘आयजी’, ‘एस’ आणि ‘एल’ अशा तीन वायरी असतात. त्यातली ‘एल’ कुठली याची सर्किट डायग्रामवरून खात्री केल्याशिवाय हे करू नका. ‘आयजी’ची वायर अर्थला टेकली तर फ्यूज उडेल. ईसीयूच्या ताब्यातल्या अल्टरनेटरला हा प्रयोग वर्ज्य.

कधी लागतो, ते आधी लिहून काढा

येता-जाता लागणाऱ्या दिव्याच्या बाबतीत मी मीटरच्याही आधी वहीला मानतो. इंजिन थंड होतं की गरम, गाडी उभी होती की पळत होती, काय काय चालू होतं, पाऊस होता का. एवढं टिपलं की संशयितांची यादी आपोआप आखूड होते.

आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना लागतो आणि जरा रेस दिली की जातो: आयडल खाली आलंय, पट्टा सैल आहे, कार्बन संपत आलेत किंवा रेक्टिफायरचा (उलटसुलट करंट एका दिशेचा करणाऱ्या भागाचा) एखादा डायोड गेलाय. अल्टरनेटर क्रँकच्या साधारण अडीच-तीन पट वेगाने फिरतो; ८०० च्या आयडलला त्याचे जेमतेम दोन-सव्वादोन हजार फेरे होतात आणि तेवढ्यात तो छापील क्षमतेच्या बराच खाली असतो. म्हणून सगळा भार घेऊन सिग्नलला उभं राहिल्यावर अशक्त अल्टरनेटर उघडा पडतो. याच्या उलट, रेस वाढवली की दिवा ठळक होतो असं असेल तर करंटच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे, किंवा रेग्युलेटरचा ताबा सुटून व्होल्टेज वर चाललंय. दोन्ही पटकन मोजता येतं.

पाणी उडालं की लागतो आणि जोडीला चीं-चीं आवाज येतो, तिथे पट्टा. खड्ड्यात आदळलं की लुकलुकतो, तिथे सैल टर्मिनल, प्लगची ढिली पिन किंवा टोकाला आलेले कार्बन. तासभर चालल्यावर, इंजिन पूर्ण तापल्यावरच लागतो आणि थंड झालं की काही झालंच नाही अशी गाडी वागते, तेव्हा रेग्युलेटर किंवा रोटरचं वाइंडिंग: गरम होऊन तांबं जरा ताणलं की आतला तुटका जोड सुटतो, थंड झालं की परत लागतो. हे गॅरेजमध्ये सापडत नाही, कारण गॅरेजमध्ये गाडी पोचेपर्यंत आणि नंबर लागेपर्यंत ती थंड झालेली असते. मीटर गाडीतच ठेवा.

बॅटरीचं आणि चार्जिंगचं माप

बॅटरीबद्दल थोडक्यात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दरवाजे न उघडता शक्य असेल तर, टर्मिनलवर १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा फुगलेला येतो. हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करा, जरा थांबा, मग मोजा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. आणि चार्जरवर लावूनही १०.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर सहापैकी एक सेल मेलाय. या मेलेल्या सेलचा मुद्दा शेवटी परत येणार आहे.

आता इंजिन सुरू, साधारण १,५०० ते २,००० आरपीएम. साध्या रेग्युलेटरच्या गाडीत बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.७ च्या दरम्यान आकडा हवा. मग हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही. आकडा थोडा खाली येईल, पण १३.५ च्या वर टिकला पाहिजे. सतत १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला किंवा बॅटरीचं व्होल्टेज त्याला कळवणारी सेन्सची वायर तुटली. अशा गाडीत बल्ब पटापट उडतात, बॅटरीला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि तिचं पाणी आटतं. ती तशीच चालवू नका.

इथे एक सूचना, कारण ही पद्धत अजून मेलेली नाही. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून ‘बंद पडली नाही, म्हणजे अल्टरनेटर चांगला’ असं ठरवणारे आजही भेटतात. चार्ज होत असताना बॅटरी सुटली की रोटरचं चुंबकत्व लगेच ओसरत नाही, आणि तेवढ्या क्षणात लाइनवर १०० व्होल्टपर्यंतही झटका जाऊ शकतो. बॅटरी हा झटका गिळून टाकते. तीच काढून ठेवली की तो ईसीयूकडे जातो. कोणी गाडीवर असं करायला लागलं तर हात धरा.

वाटेत हरवलेले व्होल्ट

पुन्हा पुन्हा येणाऱ्या दिव्याचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा इथे सापडतं, आणि नेमकं हेच कोणी मोजत नाही. अल्टरनेटर चांगला, बॅटरी चांगली, पण दोघांच्या मधली वायर, फ्यूज लिंक (मुख्य लाइनवरचा मोठा फ्यूज), टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी वीज खातेय.

एक गाडी उदाहरणादाखल. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही नवे. दिवा फक्त अंधार पडल्यावर लागायचा, ईसीयूमध्ये ‘सिस्टिम व्होल्टेज कमी’ असा कोड. सगळा भार लावून बॅटरीवर मोजलं तर १३.१. तेवढ्यातच मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड नटावर, म्हणजे ‘बी प्लस’वर, आणि काळी पिन अल्टरनेटरच्याच अंगावर: १४.४. म्हणजे यंत्र आपलं काम करत होतं, १.३ व्होल्ट मधेच गडप.

आता गळती कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. लाल पिन ‘बी प्लस’च्या नटावर, काळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर. खुंटावर म्हणजे शिशाच्या खुंटावरच, क्लॅम्पवर नाही, नाहीतर त्या दोघांच्या मधला खराब जोड मोजायचाच राहून जातो. आकडा ०.१५. हा ०.२ ते ०.३ पर्यंत चालतो. मग लाल पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि काळी अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर: १.१५. इथे ०.२ च्या वर काही दिसायला नको. चोर अर्थच्या बाजूला होता.

मग एकेक पायरी. निगेटिव्ह खुंट ते बॉडी: ठीक. बॉडी ते इंजिन: जवळजवळ सगळे व्होल्ट तिथेच. गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारी विणलेल्या तांब्याची पट्टी वरून धड दिसत होती. बोट लावलं तर कोमट. बोल्ट काढला तेव्हा थिंबळीखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) तपकिरी गंज, आणि विणीच्या आत तांबं हिरवं होऊन भुरभुर गळत होतं. पट्टी नवी टाकली, बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. भार तोच, बॅटरीवर १४.२.

हा दोष कंटिन्युइटीच्या ‘पीं’ आवाजाने का सापडत नाही, तेही सांगतो. ५० अँपिअर वाहताना १.१५ व्होल्ट पडतात याचा अर्थ रेझिस्टन्स ०.०२३ ओहम. साधा मीटर एवढं मोजू शकत नाही, तो शून्य दाखवतो आणि पीं वाजवतो. पण त्याच ०.०२३ ओहममध्ये ५० अँपिअरला सत्तावन्न वॉट उष्णता तयार होते. म्हणून वायरिंगचं माप करंट वाहत असतानाच घ्यायचं. सर्किट बंद करून ओहम मोजणं हे या कामात वेळ घालवणं आहे.

पॉझिटिव्ह बाजूला गळती निघाली तर ‘बी प्लस’चा नट, तिथली थिंबळी आणि मुख्य फ्यूज लिंक बघा. फ्यूज लिंक बहुधा बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लॅम्पवरच्या डबीत किंवा बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये बोल्टने कसलेली असते. ती उडालेली नसली तरी बोल्ट सैल राहिला की तापून आजूबाजूचं प्लास्टिक पिवळं पडतं, पुढे वितळतं. पूर्ण उडाली आहे का हे बघायला इंजिनही लावावं लागत नाही: गाडी बंद असताना ‘बी प्लस’च्या नटावर बॅटरीइतकंच व्होल्टेज यायला हवं. शून्य आलं तर लिंक गेली. जंप केबल उलट्या लावल्या गेल्या की हीच पहिली उडते, त्यामुळे ‘शेजाऱ्याच्या गाडीवरून स्टार्ट दिला आणि तेव्हापासून दिवा आहे’ असं ऐकलं की थेट तिकडेच जावं.

साध्या दिव्याच्या गाडीत मिणमिणता दिवा असेल तर आणखी एक माप घ्या: बॅटरी पॉझिटिव्ह आणि दिव्याला पुरवठा देणारा फ्यूज यांच्यामधलं. तिथे एखादा व्होल्ट निघाला तर इग्निशन स्विचच्या मागच्या प्लगपासून सुरुवात करा.

अल्टरनेटरच्या आत

‘बी प्लस’वरच भाराखाली १३ च्या खाली येतंय, पट्टा नीट आहे, म्हणजे आता अल्टरनेटरवर संशय घ्यायला हरकत नाही. तरी लगेच नवा आणू नका. दिवा लागलेला असताना स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने अल्टरनेटरच्या अंगावर हलकेच टकटक करा, फिरत्या पट्ट्यापासून हात दूर ठेवून. दिवा गेला किंवा लुकलुकला तर कार्बन संपलेत.

मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं की बऱ्याच अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आणि कार्बनचा धारक दोन-तीन स्क्रूंवर बाहेर येतो. नवा कार्बन एक-सव्वा सेंटिमीटर बाहेर डोकावतो. पाच मिलिमीटरच्या खाली गेला की स्प्रिंगचा दाब पडत नाही आणि खड्ड्यागणिक तो रिंगवरून उचलला जातो. दोन्ही कार्बनची लांबी सारखी असेलच असं नाही, एक झिजून बुटका झालेला असतो. धारक काढलाय तर टॉर्च लावून कार्बन ज्यांवर घासतात त्या आतल्या स्लिप रिंग बघा. तांब्याची गुळगुळीत, तपकिरी चमक असेल तर ठीक. बोटाच्या नखाला खाच लागत असेल तर नुसते नवे कार्बन टाकून फार काळ निभणार नाही. दोन रिंगांमध्ये साधारण दोन ते चार ओहम यावेत, रिंग आणि शाफ्टमध्ये काहीच येऊ नये.

आणि कार्बन ओले, तेलकट, काळ्या चिखलात बुडालेले दिसले तर थांबा. तेल आलं कुठून? काही डिझेल इंजिनांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल थेट कार्बनवर येतं. इतरांत वरच्या टॅपेट कव्हरची गळती असते, नाहीतर स्टीअरिंगचं तेल. गळती न थांबवता तीनदा अल्टरनेटर रिपेअर झालेल्या गाड्या असतात, आणि प्रत्येक वेळी शिव्या अल्टरनेटरला बसतात.

डायोड तपासायला मीटर एसी (अल्टरनेटिंग करंट) व्होल्टवर लावा आणि चालू इंजिनावर, भार लावून, ‘बी प्लस’वर मोजा. ०.१ च्या आसपास किंवा खाली असेल तर उत्तम, ०.५ च्या वर गेलं तर रेक्टिफायरमधला डायोड गेलाय. आधी इंजिन बंद ठेवून हेच माप घेऊन बघा: शून्य यायला हवं. स्वस्तातले काही मीटर एसीच्या रेंजवर साध्या बॅटरीलाही पंचवीस-तीस व्होल्ट दाखवतात. तसला असेल तर तो या कामाला नको. डायोड गळका असल्याची आणखी एक खूण म्हणजे गाडी बंद करून काही तास झाले, इंजिन गार पडलंय, तरी अल्टरनेटर हाताला कोमट लागतो. तीच गळती रात्रभर बॅटरी पीत असते.

पट्टा

रिब असलेल्या आजकालच्या पट्ट्यांना पूर्वीसारख्या चिरा पडत नाहीत. रबर टिकतं, खाचा मात्र झिजत जातात आणि पट्टा पुलीत खोल बसून घसरतो. वरून बघून ‘पट्टा चांगला आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. आवाज येत असेल तर चालू इंजिनावर लांबूनच पट्ट्याच्या रिबवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर बघा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत.

बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरची पुली एका बाजूलाच पकडणारी असते. पट्टा काढून रोटर पंख्याच्या बाजूने धरून ठेवा आणि पुली फिरवा: एका बाजूला पकडली पाहिजे, दुसऱ्या बाजूला सुटी फिरली पाहिजे. दोन्ही बाजूंना सुटी फिरते म्हणजे अल्टरनेटर नीट ओढलाच जात नाही. अशी पुली वेगळी मिळते, त्यासाठी अख्खा अल्टरनेटर बदलायचं कारण नाही. फक्त ती काढायला खास पाना लागतो.

चार्जिंग ईसीयूच्या हातात असेल तर

अलीकडच्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसलेला असतो. बॅटरीत किती करंट जातोय-येतोय, तिचं तापमान काय, हे तो सांगतो आणि त्यावरून ईसीयू अल्टरनेटरला एका पातळ वायरीवरून हुकूम देतो. इंधन वाचवायला तो मुद्दाम व्होल्टेज कमी ठेवतो. सरळ रस्त्यावर १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका; अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी उतारावर सोडली की तोच आकडा १४.५ च्या पुढे जाईल. हेडलाइट आणि ब्लोअर लावले की वर चढतो का, हे बघणं खरं.

अशा गाडीत दिवा लावायचा निर्णय ईसीयू घेतो, म्हणून स्कॅनर लावण्यात फायदा आहे. ‘पी ०५६२’ म्हणजे व्होल्टेज कमी, ‘पी ०५६३’ म्हणजे जास्त, ‘पी ०६२०’ आणि ‘पी ०६२२’ अल्टरनेटरच्या कंट्रोल सर्किटकडे बोट दाखवतात. पहिले दोन कोड नुसती तक्रार नोंदवतात. कारण शोधायला परत वरचीच मापं घ्यावी लागतात. बाहेरून बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर किंवा जास्तीचे दिवे यांची निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या खुंटावर कसलेली असेल तर तो करंट सेन्सरच्या हिशेबात येत नाही आणि ईसीयूचा अंदाज चुकतो. ती वायर बॉडीवर घ्या. काही गाड्यांत नवी बॅटरी टाकल्यावर तिची नोंद स्कॅनरने करावी लागते, तेही झालंय का विचारा.

नवा अल्टरनेटर बसवण्याआधी

सगळं मोजून झालं आणि अल्टरनेटरच गेलाय असं ठरलं, तर बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. उतरलेली, किंवा एक सेल मेलेली, बॅटरी लावली की नवा अल्टरनेटर पहिल्या मिनिटापासून पूर्ण ताकदीने पळत राहतो, तापतो आणि त्याचे डायोड भाजून निघतात. मेलेल्या सेलची बॅटरी कधी भरतच नाही, त्यामुळे तो कधी दमही खात नाही. अल्टरनेटर दर वर्षाला जातो अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी बॅटरीचा लोड टेस्ट करून घ्यावा. नवा घेताना अँपिअरचा आकडा आणि प्लगच्या पिना जुन्याशी जुळवून बघा. प्लग बसला म्हणजे आतला रेग्युलेटर तोच असेल असं नाही.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. ‘बी प्लस’चा नट किल्ली काढलेली असतानाही जिवंत असतो, पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी पडते. बसवताना तोच नट नीट आवळा आणि रबरी टोपी परत चढवा, ती हमखास वर्कशॉपच्या फरशीवर राहते. मग पूर्वीचाच सगळा भार लावून चार मापं घ्या: बॅटरीवर, ‘बी प्लस’वर, पॉझिटिव्ह बाजूची घसरण, अर्थच्या बाजूची घसरण. जुन्या आकड्यांच्या शेजारी ती लिहा. ‘बी प्लस’वर आधीही १४.४ होते आणि आताही तेवढेच आहेत, आणि घसरण जशीच्या तशी आहे, तर काढलेला अल्टरनेटर बदलीत देऊन टाकण्याआधी थांबा. तो बहुतेक चांगलाच होता.